सुतकातली किल्ली

बेंगळूरच्या पेठेत मराठी कुटुंबांचं एक देवीचं देऊळ होतं. ही कुटुंबं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं, थोरल्याला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणत, आणि त्यांना बेळगावकडची आमची मराठी पुस्तकी वाटे. देवीची चांदीची प्रभावळ, म्हणजे मूर्तीमागची कोरीव कमान, गाभाऱ्यामागच्या खोलीत एका सागवानी पेटीत असे. ती सणालाच बाहेर निघे. पेटीची किल्ली वर्षभर एका घराकडे, पाडव्याला पाळी बदलली की पुढच्या घराकडे. पाळी बदलताना पंचांसमोर पेटी उघडून सगळं पाहून घेत आणि पुन्हा कुलूप लावत.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी ही प्रभावळ नाहीशी झाली. कुलूप शाबूत होतं. पाळी ज्याची होती तो सरकारी कचेरीतला कारकून, चाळिशीचा, देवळामागच्या गल्लीतच राहणारा. पोलिसांनी त्याला धरलं आणि कचेरीनं त्याला निलंबित केलं. शिक्षा झाली तर नोकरी जाणार, हे निलंबनाच्या हुकुमातच लिहिलं होतं. त्याच्या घरात मिळवतं माणूस दुसरं नव्हतं.

त्या काळात एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या देण्याचं काम माझ्याकडे होतं. खटला मॅजिस्ट्रेटपुढे चालला तेव्हा बातमीच्या दृष्टीनं तो चार ओळींचा होता. देवळातली चोरी, किल्ली आरोपीकडे, कुलूप न फोडता. मी पहिल्या दिवसापासून हजर राहिलो याचं कारण इतकंच की साक्षीदार मराठी बोलत होते आणि ती मराठी ऐकायला बरं वाटत होतं. नंतर नंतर ते बरं वाटणं संपलं आणि चीड यायला लागली.

घडलं होतं ते असं. पाडव्याला पंचांसमोर पेटी उघडली, प्रभावळ पाहिली, किल्ली या कारकुनाच्या हाती आली. दुसऱ्याच सकाळी कोलारहून निरोप आला की त्याचे चुलते वारले. म्हणजे घराला सुतक. सुतक असलेल्या घरात देवीची किल्ली राहत नाही, असा या कुटुंबांचा नेम. पण ती हातानं द्यायचीही नसते, कारण सुतकातल्या हातून घेणाऱ्याला विटाळ. म्हणून घराबाहेर, दाराशेजारच्या कोनाड्यात, सुतक लागलं की किल्ली ठेवून द्यायची. पाळीच्या क्रमानं पुढचं जे घर, तिथला कर्ता येतो आणि काही न बोलता किल्ली उचलून नेतो. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. तेरावा झाला की तो ती तशीच कोनाड्यात आणून ठेवतो. पाळी मात्र या सगळ्या काळात पहिल्याच घराची राहते. सुतकानं पाळी मोडत नाही, असंच सगळे मानत.

त्या सकाळीही तसंच झालं. पुढचं घर होतं एका म्हाताऱ्यांचं. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. ते मुलाबरोबर जयनगरला नव्या घरात राहायला गेले होते. जयनगर तेव्हा नुकतंच वसत होतं, रस्ते आखलेले आणि प्लॉट बरेचसे मोकळे. निरोप कळताच अण्णा बसनं पेठेत आले, कोनाड्यातली किल्ली उचलली, गेले. तेराव्यानंतर परत ठेवली. कारकुनानं आंघोळ करून ती घेतली, देवळात गेला, पुजाऱ्याच्या देखत पेटी उघडली. तळाशी गुंडाळलेलं लाल फडकं होतं आणि त्या फडक्यात काही नव्हतं. त्यानं स्वतः पंचांना बोलावलं.

पंचांनी पोलिसांना सांगितलं, पाळी याची. पोलिसांनी लिहिलं, किल्ली याच्या ताब्यात.

यापुढे कुणीही शहाण्या माणसानं दोन प्रश्न विचारले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. ते प्रश्न विचारले जायला सव्वादोन वर्षं लागली.

पहिला दोष वकिलाचा. तो तरुण, हुशार आणि मोठ्या आवाजाचा होता. आपल्या अशिलाला सोडवायचं तर दुसऱ्या कुणालातरी अडकवायचं, हे त्यानं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, पण कुणाला ते ठरवलं नव्हतं. म्हणून जो साक्षीदार समोर येईल त्यालाच तो विचारी, "प्रभावळ तुम्हीच नेली, असं मी म्हणतो." देवळाला चुना लावणाऱ्याला विचारलं. दिव्यात तेल घालणाऱ्या बाईला विचारलं, ती रडली. मग पुजारी आला. हा एकच साक्षीदार असा होता की जो पेटी उघडताना हजर होता आणि ज्याला सुतकाची सगळी गोष्ट ठाऊक होती. तो सरकारी बाजूचा असला तरी आरोपीबद्दल त्याच्या मनात वाईट नव्हतं. वकिलानं त्यालाही तेच विचारलं.

पुजारी लाल झाला. "मी? देवीचं अन्न खाऊन मी चोरी करतो काय रे?"

"रे नको. उत्तर द्या."

"मी नाही केली! पाळी त्यांची. किल्लीचं मला काय विचारता? त्यांचं त्यांना ठाऊक!"

एवढंच नोंदलं गेलं. जो माणूस सुतकाबद्दल आपण होऊन बोलला असता तो रागानं तोंड मिटून गेला.

मॅजिस्ट्रेट नेमस्त माणूस होते. तेल घालणाऱ्या बाईच्या रडण्यानं ते आधीच वैतागले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वकिलाला म्हणाले, "हे कोर्ट आहे. इथं तुम्ही सगळ्या गावाला आरोपी करणार का? तुमच्या अशिलानं केलं की नाही एवढं बोला. दुसऱ्या कुणी केलं ते पोलीस बघतील. जो इथं नाही, ज्याच्यावर खटला नाही, त्याची अब्रू मी इथं जाऊ देणार नाही."

यात चूक काय, असं तेव्हा मलाही वाटलं. वर्तमानपत्रातही हाच नियम असतो. ज्याच्यावर आरोप ठेवलेला नाही त्याचं नाव चोरीच्या बातमीत छापायचं नाही. ज्याला उत्तर द्यायची जागा नाही त्याच्यावर चिखल उडवू नये, हे योग्यच आहे.

पण त्यानंतरच्या तारखेला वकिलाला, फार उशिरा का होईना, योग्य प्रश्न सापडला. आरोपीनं त्याला बाहेर व्हरांड्यात तो पढवला होता. एक पंच साक्ष देत असताना वकील म्हणाला, "आरोपीच्या घरी सुतक असताना किल्ली कोणाकडे होती?"

मॅजिस्ट्रेटनं मान वर केली. "पुन्हा तिसरा माणूस?"

"महाराज, हा प्रश्न वेगळा आहे."

"तुमचे मागचे तिन्ही प्रश्नही वेगळे होते. हा प्रश्न घेत नाही."

 पंचाला उत्तर ठाऊक होतं आणि ते द्यायला तो तयारही होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण विचारलं जात नाही ते सांगायचं नसतं, एवढी शिस्त त्याला कोर्टाच्या शिपायानं आत येतानाच शिकवली होती.

इथं एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. त्या खोलीत मॅजिस्ट्रेट, सरकारी वकील, दुभाषी, कोर्टाचा कारकून, शिपाई, यांपैकी ज्याच्या घरी सुतक पाळत नसत असा एकही नव्हता. मॅजिस्ट्रेट स्वतः आदल्याच वर्षी आईच्या मृत्यूनंतर दहा दिवस कोर्टात आले नव्हते. सुतकात देवाच्या वस्तूला हात लावत नाहीत हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण कोर्टाच्या दारात चपला काढाव्यात तसं हे ज्ञान सगळे बाहेर काढून आत येत.

मग आरोपीचा जबाब झाला. मॅजिस्ट्रेटनं कन्नडमध्ये विचारलं, आरोपीनं अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत उत्तरं दिली, आणि मॅजिस्ट्रेटनं ती इंग्रजीत सांगून टाइप करून घेतली.

"किल्ली तुम्ही कोणाला दिलीत का?"

"नाही. सुतकात देता येत नाही."

टाइपरायटर वाजला. मी किल्ली कोणालाही दिली नाही.

"कोणी तुमच्याकडे ती मागितली का?"

"नाही. मागत नाहीत."

मागितली नाही.

"तुमच्या घरातून ती चोरीला गेली का?"

"नाही, नाही. चोरी कसली? कोनाड्यात ठेवली, ती..."

"चोरीला गेली नाही," मॅजिस्ट्रेट टायपिस्टला म्हणाले. "पुढे."

"साहेब, स्वल्प ऐका. सुतक होतं ना घरात..."

"विचारलेल्याचं उत्तर द्या."

"सरी, बरं," आरोपी म्हणाला. तो आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केलेला माणूस. वरिष्ठ पुरे म्हणाले की पुरे, ही त्याची सवय. शिवाय तो खोटं बोलत नव्हता आणि ते त्याला पुरेसं वाटत होतं. त्याच्या लोकांत किल्ली देणं म्हणजे हातानं देणं. ती त्यानं दिली नव्हती. शपथेवर विचारलं तेव्हा त्यानं अगदी काटेकोर खरं सांगितलं आणि त्या खऱ्यानंच त्याच्याभोवतीचं कडं पूर्ण केलं. किल्ली त्याच्याकडे होती, त्यानं ती दिली नाही, कुणी मागितली नाही, चोरीला गेली नाही.

अण्णा या सगळ्या तारखांना हजर असत. मागच्या बाकावर, छत्री दोन गुडघ्यांत धरून. जयनगरहून दोन बस बदलून येत. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"अहो पेपरवाले, मला का कोण विचारत नाही?"

"तुमचं नाव साक्षीदारांत नाही, अण्णा."

"मग घाला की. किल्ली माझ्याकडे होती. मी नेली, मी आणून ठेवली. हे एवढं सांगायला मी किती दिवस येऊ?"

"वकिलांना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणतो, अण्णा, तोंड उघडू नका, पोलीस तुम्हालाच धरतील. मी म्हटलं, धरू दे की! मी कुठं पळतो? गुडघे बघा माझे."

वकील शेजारीच कॉफी पीत होता. तो म्हणाला, "यांना मी साक्षीला बोलावलं आणि यांनी उलटंसुलटं सांगितलं तर माझा माणूस बुडाला. आपल्या साक्षीदाराला आपल्याला खोटं पाडता येत नाही. लांबून बोट दाखवलं तर संशय तरी राहतो."

"माझ्याकडे बोट दाखवणार, पण मला विचारणार नाही?" अण्णा म्हणाले. "काय रे शहाणपण हे!"

त्या दिवशी दुपारी अण्णा कोर्ट भरल्यावर उभे राहिले. हात वर केला. "महाराज, किल्लीचं मला ठाऊक आहे."

शिपाई धावला. मॅजिस्ट्रेटनं त्याला थांबवलं आणि अण्णांकडे पाहून मोठ्या आदरानं कन्नडमध्ये म्हणाले, "अज्जा, बसा. तुमच्यावर कोणीही आरोप केलेला नाही. मी असेपर्यंत करू देणार नाही. काळजी नको."

अण्णा उभेच राहिले.  शिपायानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते बसले, आणि माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी अब्रू माझ्याजवळ आहे. हे कशाला राखतायत?"

शिक्षा झाली. सहा महिने सक्तमजुरी. अपिलापर्यंत जामीन मिळाला. कचेरीनं बडतर्फीची नोटीस धाडली आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती थोपवून धरण्याचं औदार्य दाखवलं. कारकून त्या दिवसांत देवळासमोरून जात नसे, मागच्या गल्लीनं फिरून जाई. त्याच्या बायकोनं गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवायला घेतले. बायका कापड आणून देत, पण उंबऱ्याच्या आत येत नसत.

वकिलाची खोली आमच्या छापखान्याच्या शेजारच्या जिन्यावर होती. अपिलाचा अर्ज तयार झाला त्या संध्याकाळी मी तिथं होतो. वकिलानं मजकूर वाचून दाखवला. त्यात असं होतं की चोरी अण्णांनी केली हे परिस्थितीवरून उघड आहे.

कारकून म्हणाला, "हे काढा."

"का?"

"अण्णांनी केली, असं मी कुठं म्हटलं? किल्ली त्यांच्याकडे होती एवढंच लिहा."

"अहो, त्याचा अर्थ तोच होतो!"

"होत नाही. माझ्याकडे किल्ली होती म्हणून मी चोर नाही. तसंच त्यांचं."

वकिलानं कपाळावर हात मारला. "न्यायाधीशाला मोकळी जागा चालत नाही हो. तुमचं नाव तिथून खोडायचं तर दुसरं लिहावं लागतं. चोर कोणीतरी पाहिजे ना!"

"पाहिजे तर पोलिसांना पाहिजे. तुम्ही मोकळी सोडा."

"तुमची नोकरी जाईल. तुरुंगात जाल. कळतंय का?"

"कळतंय. पण यावर सही करत नाही मी."

वकिलानं शेवटी ते वाक्य काढलं. वैतागून, पेननं दोनदा रेघ ओढून. त्याऐवजी त्यानं, बहुधा रागाच्या भरात, अशी विनंती लिहिली की या गृहस्थांना कोर्टानं स्वतः बोलावून विचारावं. सबंध प्रकरणात त्यानं केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट होती आणि ती त्याला जबरदस्तीनं करावी लागली.

सेशन्स जज्ज निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे होते. त्यांनी मूळ जबाब वाचला आणि जादा साक्ष घ्यायचं ठरवलं. अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. छत्री शिपायानं बाहेर ठेवून घेतली होती, त्यामुळे हातांचं काय करावं त्यांना समजत नव्हतं.

"किल्ली तुम्हाला कोणी दिली?"

"दिली नाही, महाराज. उचलली. सुतकात देत नाहीत."

जज्जांनी मान हलवली. दुभाष्यानं इंग्रजी करायच्या आधीच हलवली. "केव्हा उचललीत?"

"कोलारचा निरोप आला त्याच सकाळी. ते घरातून निघायच्या आत मी हजर होतो. तेराव्यानंतर आणून ठेवली."

"मधल्या दिवसांत ती कुठं होती?"

"जयनगरला. माझ्या घरी पुढच्या खोलीत, भिंतीवर खिळा आहे, तिथं टांगली. देवीची किल्ली म्हणून जमिनीवर ठेवली नाही."

"घरात कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं म्हणा! माझ्या नातीचं लग्न होतं, महाराज. आख्खी पेठ जेवून गेली. त्या खोलीत पंक्ती बसल्या. किल्लीखालीच."

"आरोपी आले होते?"

अण्णांनी जज्जांकडे असं पाहिलं की त्यांना प्रश्नच समजला नसावा. "ते कसे येतील? सुतकात ना ते. आमंत्रणसुद्धा दिलं नाही. आमच्यातले सगळे आले, एक यांचंच घर नाही आलं."

 पाडव्याची एक रात्र सोडली, तर पेटी उघडेपर्यंतच्या सगळ्या दिवसांत किल्लीपर्यंत पोचण्याची संधी सगळ्या पेठेला होती. जवळ येण्याचीसुद्धा मनाई फक्त आरोपीला होती, आणि ती त्याच सुतकानं केली होती जे खालच्या कोर्टानं ऐकून घेतलं नव्हतं.

सरकारी वकील उठले. "म्हणजे चोरी तुम्हीच केली, असं मी म्हणतो."

"म्हणा की," अण्णा म्हणाले. "म्हटलंत की मला नाही म्हणता येतं. मी नाही केली. आता लिहून घ्या."

जज्ज हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं.

आरोपीला दुसऱ्याकडे बोट दाखवू द्यावं की नाही, यावर पुढे बऱ्याच वकिलांनी माझ्याशी वाद घातले. माझं मत या प्रकरणानं ठरलं ते बदललं नाही. चुना लावणाऱ्यावर आणि तेल घालणाऱ्या बाईवर उगाच चिखल उडवू देऊ नये. पण ज्याचा त्या घटनेशी सरळ धागा आहे त्याचं नाव घेऊ द्यावं, आणि नाव घेतलं की त्याला बोलावून विचारावं. खालच्या कोर्टानं पहिल्या तऱ्हेचे आरोप वेळीच आवरले नाहीत, आणि मग दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्नही बंद करून टाकला. आणि ज्याची अब्रू राखायची म्हणून हे केलं तो मागच्या बाकाशी हात वर करून उभा होता. अब्रू राखण्याच्या या तऱ्हेनं एक माणूस जवळजवळ तुरुंगात गेला.

अपील मंजूर झालं. बडतर्फीची नोटीस मागे घ्यायला कचेरीनं निकालाची प्रमाणित प्रत मागितली, ती मिळायलाही वेळ गेला, पण नोकरी परत मिळाली. प्रभावळ मात्र मिळाली नाही. आजवर नाही.

निकालाच्या दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर पोलीस इन्स्पेक्टर उभा होता. अण्णा छत्री घेऊन बाहेर आले तसा तो पुढे झाला. "अज्जा, ठाण्यावर या. किल्ली तुमच्याकडे होती म्हणालात, तर आता तुमचा जबाब लागेल. लग्नाला कोण कोण आलं ते सगळं."

वकील माझ्या कानाशी म्हणाला, "मी काय सांगत होतो?" त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याला त्याचा आनंद लपवता येत नव्हता.

"चला," अण्णा म्हणाले. "लांब आहे काय? बस मिळते?"

कारकून मागून आला. अर्ध्या तासापूर्वी तो आरोपी होता. त्यानं अण्णांच्या हातातली छत्री घेतली.

इन्स्पेक्टर म्हणाला, "तुम्ही सुटलात ना? तुम्ही घरी जा. तुम्हाला कोण बोलावतंय?"

"कोणी नाही बोलावलं. पण त्यांनी किल्ली माझ्या दारातून नेली आणि तशीच आणून ठेवली, हे पाहिलेला दुसरा माणूस नाही. यावेळी आधीच येतो. नंतर मला विचारायला तुम्ही विसराल."

अण्णा म्हणाले, "अरे, घरी बायको वाट बघत असेल तुझी."

"बघू दे. स्वल्प थांबेल ती."

इन्स्पेक्टरनं एकदा दोघांकडे पाहिलं, मग शिपायाला टांगा बघायला सांगितला. टांग्यात कोण कुठं बसणार यावर दोघांची थोडी हुज्जत झाली, कारण अण्णांना पुढे बसायचं होतं आणि कारकून त्यांना मागे बसवत होता.